हक्कानं या

पहिलेच सांगून ठेवतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

अमावस्या नाही, स्मशान नाही, लाइटही गेली नव्हती. भर दुपार. नागपूरचं बेसा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलमधला पंखा फुल स्पीडवर. आणि जिच्यासोबत हे झालं ती माझी मावसबहीण आहे, मुग्धाताई. ती खोटं बोलत नाही. उलट इतकं खरं बोलते की लग्नात नातेवाईक तिला आपल्या साड्या दाखवत नाहीत.

तिनं मला सगळं एकदाच सांगितलं. परत विचारलं तर उठून आत जाते.

सुरुवात झाली मागच्या डिसेंबरात. मुग्धाताई, ऋषी जीजाजी आणि त्यांची मुलगी गार्गी, पहिलीत आहे ती, तिघं कोकणात फिरायला गेले. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांचं पोट टूरिस्टवर आहे, आणि त्यांचा यात काही दोष नाही.

छोटंसं गाव. अर्धा किल्ला जमिनीवर, अर्धा समुद्रात. एक जुनं बंदर, कधीकाळी तिथून म्हणे गलबतं लांब लांब जायची. आता बनाना बोट चालते. नारळाची झाडं, लाल दगडाच्या गल्ल्या, भाड्याच्या स्कूटी, गोरे लोक हाफ पँटवर फोटो काढून राहिलेले. जीजाजींनी पहिल्याच दिवशी चार वेळा आंघोळ केली आणि तरी त्यांच्या कानातून वाळू निघून राहिली होती.

उतरले होते शोभाताई नावाच्या बाईंच्या घरी. वरच्या खोल्या टूरिस्टना, खाली त्या स्वतः. साधी, कामाची बाई. त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली... दुपारी जेवलात की पडा, बंदराच्या मागच्या आळीत जाऊ नका, ऊन फार असतं.

आता नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती दाखवायची म्हणजे विचार करा.

जीजाजी जेवता जेवता हसले. "ताई, आमच्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर पातळ होते. तुमच्या या उन्हात तर आम्ही स्वेटर घालतो."

शोभाताई हसल्या नाहीत. आमटी वाढून आत गेल्या.

मासे-भात खाऊन बापलेक घोरायला लागले. मुग्धाताईला झोप येईना. तिला वाटलं, एवढं जुनं गाव, एक चक्कर मारून यावं. गेली.

कुठे गेली?

बंदराच्या मागच्या आळीत.

तिथे घरं कमी, पडके चौथरे जास्त. माणूस नाही, कुत्रं नाही. ती म्हणते, चालता चालता तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. मग कळलं...

समुद्राचा आवाज येत नव्हता.

समुद्र शंभर पावलांवर. दोन दिवस तो आवाज कानातून गेला नव्हता. आणि आता एकदम कोणी दार लावून घेतल्यासारखं बंद.

शेवटच्या घराच्या ओट्यावर एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल. हिरवट नऊवारी, डोक्यावर पदर. तिनं हातानं जवळ बोलावलं, तांब्यात पाणी दिलं. पाणी गार होतं, जरासं खारट. मुग्धाताईला वाटलं, समुद्राकाठची विहीर, असेल तसं.

गप्पा झाल्या. मुग्धाताई म्हणजे बोलकी. कुठून आलात, नागपूर, किती लांब, रेल्वेनं येतात, तिकडे समुद्र नाही का, नाही हो, नुसते तलाव. बाईनं विचारलं, मुलंबाळं? हिनं मोबाइलमध्ये गार्गीचा फोटो दाखवला.

बाई फोटोकडे बघतच राहिली. तिच्या बोटातून स्क्रीनवर पाण्याचा थेंब पडला. तिचे हात तर कोरडे होते.

म्हणाली, माझी एवढीच होती. पाण्यावर गेली, परत आलीच नाही. तेव्हापासून घर रिकामं.

आता आपल्याकडे अशा वेळी माणूस काय म्हणते? जे तुम्ही म्हणाल, मी म्हणेन, तेच मुग्धाताई म्हणाली.

"असं काहून म्हणता काकू? गार्गी तुमचीच मुलगी समजा."

बाईनं मान वर केली. "माझी?"

"तुमचीच. आणि या ना आमच्याकडे नागपूरले. संत्र्याच्या दिवसांत या. हक्कानं या, आपलंच घर आहे."

तिनं सोसायटीचं नाव सांगितलं, मजला सांगितला, फ्लॅट नंबरही सांगितला. आपण नागपूरचे लोक असेच आहोत. रस्ता विचारणाऱ्यालाही जेवायला बसवतो. बोलावलेल्यातले निम्मे येत नाहीत हे आपल्यालाही माहीत असते, त्यांनाही.

बाई हळूच म्हणाली, "मला कोणी बोलावत नाही. तुम्ही बोलावलंत."

मुग्धाताई उठली, गल्लीच्या तोंडाशी आली, आणि... समुद्र एकदम सुरू झाला. इतका मोठ्यानं की ती दचकली.

संध्याकाळी चहा घेताना तिनं शोभाताईंना सहज सांगितलं. शोभाताईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

त्या म्हणाल्या की त्या आळीत कोणी राहत नाही. आणि मग जे म्हणाल्या ते मुग्धाताईला अजून शब्दाशब्दानं आठवते.

"वहिनी, आमच्या गावात ओट्यावर बसलेल्या अनोळखी माणसाला कोणी घरी या म्हणत नाही. बघू म्हणतो. तुम्ही काय म्हणालात?"

जीजाजी मध्येच बोलले, की ही तर रेल्वेतल्या चहावाल्यालेही पत्ता देऊन येते. सगळे हसले. शोभाताईंनी फक्त गार्गीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग देवाजवळचा अंगारा आणून तिच्या कपाळाला लावला, का ते सांगितलं नाही.

परत आले. नागपुरात आलं की माणूस लगेच नागपूरचा होते. ऑफिस, शाळा, सिग्नल. कोकण विसरले.

फेब्रुवारी संपला. ऊन चढायला लागलं.

पहिली गोष्ट झाली ती इतकी साधी होती की कोणाचं लक्षच गेलं नाही.

मीठ ओलं झालं.

तुमच्या घरी कधी मीठ ओलं झालं का, पावसाळा सोडून? नागपूरच्या मार्च महिन्यात? इथे कणीक मळून ठेवली तर वरून पापडासारखी होते. मुग्धाताईच्या सासूबाई, यमुताई, कडक बाई. त्यांनी सुनेलाच बोलून घेतलं. ओला चमचा कोणी घातला म्हणून. डबा धुतला, पुसला, उन्हात ठेवला, नवीन मीठ भरलं.

दुसऱ्या दिवशी... मिठाचं पाणी झालं होतं.

मग गच्चीवर घातलेल्या कुरडया. शेजारच्या देवकीभाभीच्या दुपारपर्यंत कडकडीत. यांच्या, त्याच चादरीच्या बाजूला घातलेल्या, तीन दिवस ओल्या. देवकीभाभी गमतीनं यमुताईंना म्हणाली, काय हो आत्याबाई, तुमचा सूर्य वेगळा आहे काय.

यमुताई हसल्या नाहीत. त्यांनी एक कुरडई तोडून जिभेवर ठेवली आणि थुंकली. खारट नुसती.

मग गार्गीच्या गादीत वाळू. बारीक, पांढरी. खाली खेळून आणली असेल म्हणून मुग्धाताईनं झटकली. रोज झटकायला लागली.

आणि मग एक दुपार. गार्गीची सकाळची शाळा, जेवून ती बाल्कनीत बसली होती. मुग्धाताई भांडी आवरून राहिली होती. बाल्कनीतून गार्गीचा आवाज आला. ती कोणाशी तरी बोलत होती. बोलायची, थांबायची. हसायची. परत बोलायची.

मुग्धाताईनं विचारलं, कोणाशी बोलून राहिली गं?

गार्गी म्हणाली, तिकडच्या आजीशी.

कुठे आहे ती?

गार्गीनं खाली बोट दाखवलं. सोसायटीच्या गेटबाहेर कडुनिंबाखाली कोणी नव्हतं. नुसती जमीन, आणि जमिनीवर... बादली उपडी केल्यासारखा ओला डाग.

"आत काहून येत नाही ती?" मुग्धाताईनं विचारलं.

"ती म्हणते, गेटवरून कोणी पाठवल्याशिवाय कसं यायचं?"

आता खरी गोष्ट.

त्याच आठवड्यातली दुपार. यमुताईंच्या एक मैत्रीण इतवारीहून येणार होत्या, पापडाचं पीठ घेऊन. यमुताई आत पडल्या होत्या. गार्गी हॉलमध्ये फरशीवर चित्रं रंगवत होती. इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन नत्थू.

मॅडम, पाहुण्या आल्या आहेत तुमच्याकडे, पाठवू काय?

मुग्धाताईच्या डोक्यात इतवारीच्या मावशी. ती म्हणाली, पाठवा.

बस. एवढंच. पाठवा.

लिफ्टचा आवाज आला. वर आली. तिसऱ्यावर थांबली. दार उघडलं, बंद झालं.

बेल वाजली नाही.

मुग्धाताई दारापाशी थांबली. तिला वाटलं मावशी चप्पल काढून राहिल्या असतील. वाट पाहिली. बेल नाही.

तेवढ्यात आत यमुताईंचा फोन वाजला. यमुताई बोलत होत्या ते ऐकू येत होतं... अगं हो, एवढ्या उन्हात नको निघू, संध्याकाळीच ये.

इतवारीच्या मावशी अजून इतवारीतच होत्या.

मुग्धाताईनं खाली इंटरकॉम लावला. नत्थूला विचारलं, कोणाले पाठवलं भाऊ?

नत्थू म्हणाला, "नऊवारी घातलेली बाई होती ना मॅडम. फ्लॅट नंबर पाठ होता तिले. पायात चप्पल नव्हती. मी म्हटलं, बाई, पाय भाजतीन. तर म्हणे, माझे पाय ओले आहेत."

मुग्धाताईनं दार उघडलं.

बाहेर कोणी नाही. पण लिफ्टपासून दारापर्यंत पावलं उमटली होती. ओली. टाचा, बोटं, सगळं स्पष्ट. मार्चच्या दुपारी फरशीवर पाणी दोन मिनिटं टिकत नाही. ही पावलं सुकत नव्हती.

येणारी होती सगळी. जाणारं एकही नाही.

आणि शेवटचं पाऊल... उंबऱ्याच्या आतल्या बाजूला.

मागून गार्गी म्हणाली, "आई, आजी आली. तिले पाणी दे ना."

मुग्धाताई वळली. गार्गी सोफ्यावर बसली होती, एका बाजूला सरकून. जशी आपण कोणाला जागा करून देतो तशी. पंखा फुल स्पीडवर, आणि तिच्या बाजूची उशी कोणी बसल्यासारखी खोल दबलेली होती. घरभर वास. बंदरावर जाळी वाळत घालतात ना, तो.

तिनं धावत जाऊन गार्गीचा हात धरला आणि ओढला.

गार्गी हलली नाही.

तिचा एक हात मुग्धाताईच्या हातात. आणि दुसरा... हवेत. सरळ. ताठ. पलीकडून कोणी धरल्यासारखा. मुग्धाताईनं जोर लावला तशी गार्गी रडली, दुखते म्हणाली, दोन्हीकडून दुखते.

तेव्हा यमुताई बाहेर आल्या. त्यांनी उंबरा पाहिला, पोरीचा हात पाहिला. सुनेला म्हणाल्या, सोड आधी तिले. आणि मग सगळं काढून घेतलं, कोकणात काय झालं, ती काय बोलली. मुग्धाताईनं जीजाजींना फोन लावला होता. ते मिहानमधल्या ऑफिसातून ओरडून राहिले होते, पोरीले घे आणि काटोलले माझ्या गिरिधरकाकाकडे निघून जा. पोरगी जागची हलत नव्हती तर जाणार कशी?

यमुताई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या,

"बोलावली तूच. घरात घेतली तूच. आता हाकलशील कोणत्या तोंडानं? पाहुणी आहे, पाहुणचार कर. जेवू घाल, ओटी भर, अन् हात जोडून शब्द परत माग."

मुग्धाताईनं स्वयंपाक केला. कसा केला तिला आठवत नाही. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी. पाट मांडला, ताट वाढलं, मीठ वाढायला डबा उघडला तर डब्यात नुसतं पाणी. तेच चमच्यानं ताटात घातलं. यमुताईंनी पाटासमोर हात जोडून जेवायला बसा म्हटलं, आणि दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

अन्नाला कोणी हात लावला नाही. भातावरची वाफही हलली नाही.

फक्त पेल्यातलं पाणी... हळूहळू खाली जात होतं.

पेला रिकामा झाला. यमुताईंनी भरला. परत रिकामा झाला. परत भरला. असं किती वेळ चाललं, तिला माहीत नाही. माठ संपला तेव्हा थांबलं.

मग यमुताईंनी पाटावर खण, तांदूळ, नारळ ठेवला. सुनेला पुढे केलं. मुग्धाताईनं गुडघे टेकले. ती सांगते, समोर रिकामा पाट, आणि पाटावर कोणीतरी आहे हे मला माहीत.

"काकू, माझं चुकलं. बोलायची पद्धत म्हणून मी बोलून गेली. गार्गी माझी आहे. तुमचं दुःख मोठं आहे, पण माझी पोर मी देऊ शकत नाही. ही ओटी घ्या, आणि तिले सोडा."

काही झालं नाही.

पंखा फिरत होता. खाली कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिचं ते गाणं वाजत होतं.

मग... त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, समुद्रापासून इतक्या लांब, एक लाट आली. आवाज फक्त. दुरून चढत आली, हॉलमध्ये फुटली, आणि ओसरत ओसरत दाराकडे गेली.

गार्गीचा हात खाली पडला.

मुग्धाताईनं तिला उचललं, छातीशी धरलं. यमुताई भिंतीला धरून खाली बसल्या आणि तेव्हा पहिल्यांदा रडल्या. पाटावर नारळ नव्हता. खण नव्हता. तांदळाचा एक दाणा नव्हता. वास गेला होता. दारातली पावलं त्यांच्या डोळ्यांसमोर सुकली, एकेक करून, नागपूरच्या उन्हात सुकतात तशी.

संपलं असं वाटलं. मुग्धाताई सांगते, तेवढा एक क्षण मला खरंच वाटलं की संपलं.

तिच्या खांद्यावर गार्गी होती, तोंड दाराकडे. मुग्धाताईला जाणवलं की पोरगी मान हलवून राहिली. होकारार्थी. आणि मग गार्गी गोड आवाजात म्हणाली, पाहुण्यांशी बोलते तशी,

"हो आजी. येईन."

तिनं पोरीला खाली ठेवलं, दोन्ही खांदे धरले. कोणाले म्हटलं? काय म्हणाली ती?

गार्गी घाबरली. तिला कळेना आई काहून ओरडून राहिली.

"ती म्हणाली, मी तुमच्याकडे येऊन गेली, आता तू ये माझ्याकडे. तूच तर सांगते ना, कोणी प्रेमानं बोलावलं तर नाही नाही म्हणू नये?"

यमुताई दारात जाऊन ओरडल्या, लेकराचा शब्द धरू नका, ती लहान आहे. जिन्यात कोणी नव्हतं. लिफ्ट खाली जाऊन थांबली होती. नत्थूला विचारलं तर म्हणाला, हो, गेल्या ना पाहुण्या. आनंदात दिसत होत्या.

त्यानंतर काही नाही. खरंच काही नाही. मीठ कोरडं आहे. गादीत वाळू नाही. यमुताई गार्गीला घेऊन इथल्या देवाला, तिथल्या देवाला जाऊन आल्या, जो जे सांगेल ते केलं. जीजाजींनी शोभाताईंना फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की मुलीला या किनाऱ्यावर पुन्हा आणू नका. जीजाजी आता कोणासमोर या गोष्टीची थट्टा करत नाहीत. मुग्धाताई पोरीला अंबाझरी तलावावर नेत नाही, फुटाळ्याला नेत नाही. शाळेची सहल वॉटर पार्कला होती, त्या दिवशी ताप आला म्हणून सांगितलं.

आणि गार्गी एकदम मजेत. खाते, पिते, भांडते.

मागच्या रविवारी मी गेलो होतो बेसाला. गार्गी पार्किंगमध्ये सायकल पुसत होती. गुलाबी सायकल, नवीकोरी, वाढदिवसाची. मला पाहून पळत आली. म्हणाली, मामा, ही तू घेऊन जा.

मी म्हटलं, काहून गं, बोर झाली काय?

"नाही. सुट्या लागल्या की मी जाणार आहे ना. तिकडे वाळूत सायकल चालत नाही."

मी हसलो. म्हणजे हसायचा प्रयत्न केला. विचारलं, कोण म्हणालं तुला?

ती परत सायकल पुसायला लागली, चाकं, पॅडल, घंटी, अगदी मन लावून. दुसऱ्याला द्यायची वस्तू माणूस पुसते तशी.

मुग्धाताईला मी हे सांगितलं नाही. कसं सांगू?

सुट्या पुढच्या सोमवारी लागतात. मी रोज दुपारी मुग्धाताईला फोन करतो, काहीतरी फालतू कारण काढून. ती बोलत असते, माझं लक्ष नसते. मागून गार्गीचा आवाज आला की मी फोन ठेवतो.

आज लावला होता. तिनं उचलला नाही अजून.